गुरुवार, दहा ते बारा

वेल्डर ऑफिसात आला तेव्हा भाऊजी वर्तमानपत्रातलं शब्दकोडं सोडवत होते, म्हणजे वहिनींनी पेन्सिलीने सोडवलेलं कोडं पेनने गिरवत होते.

माणूस पन्नाशीचा होता. दोन्ही हातांवर ठिणग्यांचे जुने डाग. खुर्चीच्या कडेवर टेकून बसला.

"माझ्या पोरीने स्वतःचंच घर जाळलं म्हणतात," तो म्हणाला. "चार वर्षं राबून बांधलेलं. कशाला जाळेल ती?"

वहिनींनी पाण्याचा ग्लास पुढे सरकवला. वीस वर्षं त्या एका विमा कंपनीत खोटे दावे हुडकत होत्या. नवरा गेल्यावर नोकरी सोडून त्यांनी हे दोन खुर्च्यांचं ऑफिस थाटलं. भाऊजी त्यांचे धाकटे दीर, निवृत्त चित्रकला शिक्षक. गाडी चालवणं, टिपणं काढणं आणि चुकीच्या माणसावर संशय घेणं ही त्यांची कामं. शेवटच्या कामात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं.

वेल्डरने सांगितलं ते असं. त्याची मुलगी विद्यापीठात पीएचडी करत होती. धातूच्या जोडाला तडा कसा जातो, कुठून सुरू होतो, हे ती विद्यापीठाच्या महासंगणकावर आकडेमोड करून शोधत होती. "विषय तिने माझ्याकडे बघूनच घेतला," असं तो म्हणाला. प्रबंध देऊन झाला. दीड महिन्याने बाहेरच्या परीक्षकाने मूळ डेटा मागितला. पाहतात तर जागा रिकामी. चार वर्षांची एकही फाइल शिल्लक नाही.

"आता म्हणतात, निकाल बनावट होते, म्हणून हिनेच पुरावा पुसला. शुक्रवारी चौकशी समिती पुन्हा बसतेय. नाव काढून टाकतील. मग कुठलंच विद्यापीठ तिला दारात उभं करणार नाही."

"ती काय म्हणते?"

"तेच तर. काहीच म्हणत नाही. समितीपुढे म्हणाली, मला काही सांगायचं नाही. घरी येऊन भिंतीकडे तोंड करून पडलीय."

"मग केलं असेल तिने," भाऊजी वेल्डर जिन्यावरून उतरताच म्हणाले. "गप्प बसणारा माणूस निर्दोष कसा असेल?"

"तुम्ही परवा माझी बरणी फोडलीत तेव्हा तासभर बोलत होतात," वहिनी म्हणाल्या. "चला, गाडी काढा."

*

मुलगी खरोखरच भिंतीकडे तोंड करून पडली होती. वहिनी तिच्या उशाशी बसल्या.

"समजावून सांग मला. ते यंत्र कुणालाही वापरता येतं का?"

"नाही," ती उठून बसत म्हणाली. कामाबद्दल विचारलं की ती बोलत होती. "आधी प्रकल्प लागतो. प्रकल्पाला एक प्रमुख, तो कायम नोकरीतला प्राध्यापकच हवा. त्याच्या हाताखाली सहप्रमुख. आणि मग आमच्यासारखे सदस्य. सदस्याला फक्त काम करता येतं. सहप्रमुख सदस्य घेऊ शकतो, काढू शकतो. प्रकल्प बंद करणं एकट्या प्रमुखाच्या हातात. बंद केला की तीस दिवसांनी सगळं पुसलं जातं."

"तुझ्या प्रकल्पाचे प्रमुख?"

"आमचे सर."

"म्हणजे बंद झाला तो सरांच्या नावाने. मग ठपका तुझ्यावर का?"

"पोर्टलवरची सरांची कामं मीच करायचे. सगळ्याच विभागांत विद्यार्थीच करतात ती. कुणाला घ्यायचं, कुणाची मुदत वाढवायची. नव्या मुलांसाठी त्याची माहितीपुस्तिकाही मीच लिहिलीय. सरांच्या नावाने आत जायला पासवर्ड लागतो आणि फोनवर आलेला आकडा लागतो. सरांचा एक जुना फोन त्यासाठीच माझ्या खणात असायचा."

"असायचा?"

"आता सरांकडे आहे."

"कधीपासून? कोणी नेला?"

"बरेच दिवस झाले." तिने चादरीची कड मुठीत धरली. "बाई, एक विनंती आहे. सरांना यात ओढू नका. वाटल्यास मला दोषी ठरवा."

"बघितलंत?" भाऊजी गाडीत बसल्यावर म्हणाले. "फोनचा विषय निघाला की हिची बोलती बंद."

"बघितलं," वहिनी म्हणाल्या. बऱ्याच वेळाने त्यांनी विचारलं, "भाऊजी, जिचं सगळं गेलंय तिला दुसऱ्या कुणाची एवढी काळजी का असावी?"

भाऊजींनी हॉर्न वाजवला. समोर कोणी नव्हतं.

*

संगणक केंद्राचा मुख्य तंत्रज्ञ बारा महिने स्वेटर घालून हिंडत असे, कारण यंत्राच्या दालनात बारा महिने थंडी. विद्यापीठात त्याला सगळे स्वेटरवाले म्हणत. तो चिडलेला होता आणि थकलेला होता.

"आमच्या डिस्क शंभरातल्या सत्त्याण्णव भरल्यात. रोज लोकांच्या हातापाया पडतो, नको ते पुसा म्हणून. पण मी कुणाचं पुसत नाही. आणि मला पुसायचं असेल तर प्रमुखाच्या नावाने आत कशाला जाऊ? माझ्या नावाने सगळी दारं उघडतात. फक्त नोंद राहते."

"मग नोंदच दाखवा ना."

त्याने दोन कागद छापून दिले. वहिनींनी चष्मा चढवला आणि मोठ्याने वाचलं.

गुरुवार. प्रबंध दिल्यानंतरचा आठवा दिवस. दहा चौदाला सरांच्या नावाने प्रवेश. पडद्यावर वर्षातून एकदा येणारा प्रश्न: प्रकल्प पुढे चालवायचा की बंद करायचा? दहा सोळाला मदतीचं पान उघडलं: सदस्य म्हणजे कोण. दहा तेवीसला पुन्हा मदतीचं पान: सहप्रमुख म्हणजे कोण. दहा एकतीसला तिसरं: प्रकल्प बंद करणे. दहा बावन्नला कारण लिहिलं: 'विद्यार्थिनीचे काम पूर्ण झाले. पदवी मिळाली.' दहा पंचावन्नला प्रकल्प बंद.

"त्यानंतर तीस दिवस?"

"सगळं नेहमीसारखं चालू दिसतं. सूचना फक्त प्रमुखाला जातात, दर आठवड्याला एक. आपल्या माणसांना त्याने सांगायचं, असा नियम. चारही सूचना उघडून वाचल्याची नोंद आहे."

"वाचून गप्प बसला!" भाऊजी उसळले. "हा प्रमुख तर पक्का बदमाश."

दुसऱ्या कागदावर सरांच्या नावाने झालेल्या सगळ्या जुन्या प्रवेशांची यादी होती. दीड वर्षापूर्वी एक ओळ: पासवर्ड बदलला. त्याच्या आधीचे प्रवेश कुठल्याही वारी, कुठल्याही वेळी, दोन-दोन मिनिटांचे. त्यानंतरचे अर्ध्या-पाऊण तासाचे आणि सगळे मंगळवार किंवा गुरुवारचे, दहा ते बारा. एकही अपवाद नाही.

"कुठून आत आले ते कळतं?"

"बाहेरून येणारे सगळे एकाच दाराने येतात. घर दिसत नाही."

"आणि पुसलेलं परत येत नाही?"

स्वेटरवाल्याने मान खाली घातली. "त्या जागेवर दुसऱ्याच दिवशी दुसऱ्यांचं काम लिहिलं गेलं, बाई. मला तरी काय आनंद झाला असेल?"

*

ते 'दुसरे' म्हणजे प्रकल्पाचे सहप्रमुख. तरुण प्राध्यापक, विभागात छोटे सर म्हणून ओळखले जात. मुलीची जागा त्यांच्या नव्या प्रकल्पाला मिळाली होती आणि तिचं-त्यांचं पटत नव्हतं.

"जागेसाठी अर्ज मी वर्षापूर्वी केला होता," ते म्हणाले. "रिकामी झाली, मिळाली. माझ्यावर संशय घ्यायचाय तर खुशाल घ्या. पण गुरुवारी दहा ते बारा मी सरांच्या वर्गात असतो. मंगळवारीसुद्धा. ऐंशी मुलांची हजेरी घेतो आणि मागच्या बाकावर बसतो."

"सर कसे शिकवतात?"

छोट्या सरांचा चेहरा पहिल्यांदाच सैलावला. "तीस वर्षं तोच विषय. वही उघडतात पण बघत नाहीत. एक चिन्ह चुकत नाही. आम्ही सगळे तिथूनच शिकलोय."

"आणि वर्गाबाहेर?"

"वर्गाबाहेर हल्ली बोलतच नाहीत. काय असेल ते मेलवर. मेलला मात्र व्यवस्थित उत्तर येतं."

बाहेर व्हरांड्यात भाऊजींनी टिपणवहीत दोन नावं खोडली. "सर वर्गात, छोटे सर वर्गात. एकमेकांचे साक्षीदार आणि वर ऐंशी मुलं. राहिली कोण? मुलगीच."

आज मंगळवार होता. छोटे सर बोलणं संपवून दहाला वर्गात गेले होते आणि आता साडेदहा वाजले होते. वहिनींनी विभागाच्या फळ्यावरून सरांचा मोबाइल नंबर घेतला आणि फोन लावला. दोन रिंगनंतर एका बाईंचा आवाज आला.

"सर वर्गात आहेत. निरोप सांगा, मी सांगते त्यांना."

वहिनींनी उद्या भेटायला येतो एवढं सांगून फोन ठेवला. मग प्रवेशांची यादी काढून पुन्हा वाचली.

*

सरांचं घर नीटनेटकं होतं. कपाटांच्या दारांवर आत काय आहे याच्या चिठ्ठ्या, ठळक बायकी अक्षरात. फडताळात मुलीचा प्रबंध.

"किती देखणी बांधणी केलीय ना?" सरांच्या पत्नी म्हणाल्या. मुलगी त्यांना काकू म्हणत असे. "स्वतः घेऊन आली होती दाखवायला. एवढी खुशीत होती."

सर उंच, रुबाबदार. भाऊजींचा हात हातात घेऊन त्यांनी विचारलं, "आपण काय शिकवता?"

"चित्रकला शिकवायचो."

"वा!"

वहिनींनी विचारलं, "सर, प्रकल्प तुम्ही बंद केलात?"

सरांनी पत्नीकडे पाहिलं. "नाही हो," त्याच म्हणाल्या. "यांनी नाही केला. समितीलाही तसंच कळवलंय."

"आणि ही विद्यार्थिनी कशी होती?"

"अतिशय हुशार," सर उत्साहाने म्हणाले. "तिच्या तोंडी परीक्षेला मी पहिल्या रांगेत बसलो होतो. पदवी घेऊन गेली ती."

"ते पहिल्या विद्यार्थिनीचं सांगताहेत, बारा वर्षांपूर्वीच्या," काकू घाईने म्हणाल्या. "चहा टाकते मी."

चहा येईपर्यंत सर खिडकीतून बाहेर पाहत होते. मग वळून अगदी आदबीने म्हणाले, "आपण काय शिकवता?"

"मुद्दाम अपमान करत होता माझा," भाऊजी परतताना धुसफुसले. "एकाच प्रश्नाला दोनदा उत्तर द्यायला लावलं. आणि विषय कसा टाळला! वहिनी, हाच माणूस."

वहिनींनी खिडकीची काच खाली केली. "भाऊजी, चौकशीच्या अध्यक्षबाईंना फोन लावा. म्हणावं, समिती शुक्रवारी नको. उद्या, गुरुवारी, साडेदहाला."

"एवढी काय घाई?"

"घाई नाही. त्या वेळी एक माणूस तिथे नसतो. मला तो तिथे नकोय."

*

अध्यक्षबाई दुसऱ्या विद्याशाखेच्या निवृत्त प्राध्यापक. त्यांच्या लांबट खोलीत स्वेटरवाला होता, वेल्डर होता, त्याच्या शेजारी मुलगी. वहिनींनी बोलावलेल्या काकू दाराजवळच्या खुर्चीत, मांडीवर पर्स घट्ट धरून. छोटे सर वर्गात हजेरी घेत होते.

"बोला," अध्यक्षबाई म्हणाल्या. "पण प्रमुख कुठायत?"

"वर्गात. म्हणूनच ही वेळ घेतली." वहिनींनी दोन्ही कागद टेबलावर पसरले. "ज्याने बटण दाबलं त्याने आधी चाळीस मिनिटं घेतली. सदस्य म्हणजे कोण, सहप्रमुख म्हणजे कोण, हे वाचत बसला. या मुलीने त्याच विषयावर पुस्तिका लिहिलीय. तिला हे काम दोन मिनिटांचं. जुन्या नोंदींत तिची ती दोन मिनिटं दिसतातसुद्धा."

"मुद्दाम वेळ लावला असेल, दिशाभूल करायला," अध्यक्षबाई म्हणाल्या.

"मग कारण बघा. 'पदवी मिळाली.' हिला पदवी मिळालेली नाही हे विभागातल्या शिपायालाही ठाऊक आहे. पुरावा पुसणारा माणूस उघडउघड खोटं ठरेल असं कारण लिहील का? नाही. ज्याने लिहिलं त्याला ते खरं वाटत होतं. म्हणजे तो माणूस विभागातला नाही. स्वेटरवाले नाहीत, छोटे सर नाहीत, मुलगी तर नाहीच."

"आता वेळ. दीड वर्षापूर्वी पासवर्ड बदलला. तेव्हापासून सरांच्या नावाने कोणीतरी फक्त मंगळवार-गुरुवार, दहा ते बारा आत येतं. नेमकं ज्या वेळी सर ऐंशी मुलांसमोर उभे असतात. म्हणजे सर नाहीत. पण सर वर्गात गेल्याशिवाय ज्याला मोकळीक मिळत नाही, असं कोणीतरी. परवा मंगळवारी साडेदहाला मी सरांना फोन केला. सर वर्गात होते. फोन घरी होता, काकूंच्या हातात."

काकूंच्या हातातली पर्स खाली पडली. ती उचलायला कोणी वाकलं नाही, शेवटी वेल्डरनेच उचलून दिली.

"तुम्ही का केलंत हे?" अध्यक्षबाई चढ्या आवाजात म्हणाल्या. "तुमचं काय वाकडं केलं होतं या मुलीने?"

"काही नाही," वहिनी म्हणाल्या. "यात कुणाचंच वाकडं कुणाला करायचं नव्हतं. काकू, तुम्ही सांगता की मी सांगू?"

काकू बोलू लागल्या, सलग, कुणाकडेही न बघता.

"त्यांना आठवत नाही आताशा. काल काय झालं ते नाही, सकाळी काय खाल्लं ते नाही. वर्गात मात्र सगळं येतं, देवाशपथ येतं. वर्ग काढून घेतला तर ते संपतील. निवृत्तीला तेव्हा दोन वर्षं होती, आता सहा महिने राहिलेत. म्हटलं, तेवढे दिवस मेलची उत्तरं मी देईन, पोर्टल मी बघेन. ते घरात असले की पाठ सोडत नाहीत माझी, म्हणून ते वर्गात गेले की बसायचे. मला त्यातलं काय कळतंय? एकेक शब्द वाचून करायचे. त्या दिवशी प्रश्न आला, चालू ठेवायचा की बंद. नाश्त्याला विचारलं यांना, ही मुलगी झाली का हो? म्हणाले, झाली की, पदवी घेऊन गेली. प्रबंध तर घरातच होता, बांधलेला. मला वाटलं, झालं असेल सगळं."

"आणि सूचना?"

"वाचल्या. फाइल पुसणार म्हणून लिहिलं होतं. पदवी मिळाल्यावर कशाला लागतात त्या, असं वाटलं. खरं कळलं तोवर पुसून झाल्या होत्या. मग बोलायचं म्हणजे यांचं सांगायचं." त्यांनी तोंडावर पदर धरला. "रोज ठरवायचे, उद्या सांगते."

वेल्डर उभा राहिला. "तुमच्या उद्याने माझी पोर महिनाभर जेवली नाही, बाई," एवढंच तो म्हणाला, आणि पुन्हा बसला.

अध्यक्षबाईंनी कागद सारखे केले. "ठपका आजच काढून टाकते," त्या मुलीला म्हणाल्या. "लेखी देते. पण प्रबंधाचं... डेटा नाही म्हणजे परीक्षक तपासणार काय? माझ्या हातात नाही गं ते. नव्याने नाव नोंदवावं लागेल. पहिल्यापासून. नवा प्रकल्प, नवे प्रमुख, ते शोधायला थोडा वेळ लागेल. आणि सरांच्या वर्गाचं मला कुलगुरूंना कळवावं लागणार. आजचा वर्ग शेवटचा."

वहिनी खिडकीशी जाऊन उभ्या राहिल्या. कोडं सुटलं होतं आणि त्यांना आयुष्यात पहिल्यांदाच ते सुटायला नको होतं असं वाटलं.

"एक फोन करायचा होता, काकू," मुलगी हळू म्हणाली. "मला फक्त विचारायचं होतं, झालं का गं तुझं."

"विचारलं असतं तर तुला यांचं कळलं असतं गं."

"मला माहीत होतं."

काकूंनी मान वर केली.

"दीड वर्षापासून माहीत आहे. सर रोज तीनदा विचारायचे, माझा जुना फोन कुठाय. घरी असला की शोधणार नाहीत, म्हणून मीच तो तुमच्या टेबलावर आणून ठेवला. कुणाला सांगितलं नाही. प्रकल्प बंद झालेला बघितला तेव्हा मला वाटलं, सरांनीच चुकून दाबलं असेल कधीतरी. समितीला सांगितलं असतं तर त्यांचा वर्ग गेला असता." ती थांबली. "तुमच्यापासूनसुद्धा लपवत होते मी. तुम्हाला कळलं तर खचाल, असं वाटायचं."

भाऊजींनी टिपणवही मिटली.

भिंतीवरच्या घड्याळात बाराला पाच कमी होते. काकू धडपडत उठल्या. "त्यांना आणायला जायचंय. एकटे निघाले तर रस्ता..."

"बसा तुम्ही," मुलगी म्हणाली. "मी आणते."

वहिनी आणि भाऊजी तिच्या मागोमाग गेले, काही अंतर ठेवून. वर्गाचं दार बंद होतं. आतून सरांचा खणखणीत आवाज येत होता, एकही शब्द न अडखळता. मुलगी दाराबाहेर उभी राहिली आणि संपेपर्यंत तिने दार वाजवलं नाही.

मुलं बाहेर पडली. सर शेवटी आले, हातात वही. समोर उभ्या मुलीकडे त्यांनी कौतुकाने पाहिलं.

"कितव्या वर्षाला आहेस तू?"

"पहिल्या, सर," ती म्हणाली, आणि त्यांच्या हातातली वही घेऊन जिन्याकडे चालू लागली.